कुमुदिनीचं माहेर

मिऱ्या, रत्नागिरी
मंगळवार सकाळ (लिहिता लिहिता दुपार झाली)

सौ. कमळाताई विहीणबाई यांच्या सेवेशी,

विठू शिवलकर याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (त्यासाठी पेन खाली ठेवलं होतं, ते आता पुन्हा उचललंय). पुण्यात थंडी असेल, तेव्हा तुमचा खोकला कसा आहे ते कळवावं. सलोनी वेळेवर जेवते का, अजिंक्यराव बाळाला मांडीवर घेतात की नुसते फोटो काढतात, आणि आमची नात वेदिका हल्ली कुणासारखी दिसते, तेही कळवावं. मागच्या फोटोत ती जावयांवर गेलेली वाटली, त्याच्या आदल्या फोटोत माझ्यावर. तिने काय ते एकदा ठरवलेलं बरं. इकडे मी ठीक आहे, मालन ठीक आहे आणि तुमची कुमुदिनी तर फारच ठीक आहे. ती एवढी ठीक कशी, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. चार वेळा केला. पण तुम्ही फोन उचलून 'बोला' म्हणता, तेव्हा मला एकदम मुख्याध्यापिकेच्या खोलीत उभं असल्यासारखं वाटतं (तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आवाज अजून नोकरीत आहे). पहिल्या वेळी मी आंब्याच्या मोहोराबद्दल बोललो, दुसऱ्या वेळी वाऱ्याबद्दल, तिसऱ्या वेळी पुन्हा मोहोराबद्दल, आणि चौथ्या वेळी तुम्हीच काळजीने विचारलंत की मोहोराचं काही बिघडलंय का. माझी तर चार कलमंसुद्धा नाहीत. म्हणून म्हटलं, लिहावं. व्याकरण चुकलं असेल तिथे तांबड्या शाईने खुणा कराव्यात, पण रागावू नये.

मुळापासून सांगतो. भाद्रपदात मालनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अडतीस वर्षं ती मासळीबाजारात एका जागी बसली. मी जहाजावर स्वयंपाकी, वर्षातले नऊ महिने पाण्यावर, म्हणजे घर चाललं ते तिच्या टोपलीवर. डॉक्टर म्हणाले, आता टोपली नाही, खाली बसणं नाही, रोज थोडं चालायचं मात्र. पहिल्या दोन गोष्टी तिने मुकाट्याने ऐकल्या, तिसरी ऐकली नाही. पण खरं दुखणं गुडघ्याचं नव्हतंच. सलोनीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिने चैत्रापासून तयारी केली होती. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक आणि अळीव आणून ठेवले, सलोनीच्याच पाळण्याला नवी दोरी लावली. आणि ऐन वेळी स्वतःच अंथरुणाला खिळली. शेवटी तुम्ही चिपळूणहून खोकला घेऊन पुण्याला गेलात आणि आमच्या लेकीचं सगळं केलंत. ते उपकार मी विसरणार नाही. पण इकडे हिने दुपट्यांचं बोचकं कपाटावर टाकलं आणि बोलणं सोडलं. हो नाहीतर नाही, एवढंच. मी केलेलं कालवणसुद्धा नावं न ठेवता खायला लागली, तेव्हा मात्र मी घाबरलो. मी जहाजावर वादळं पाहिली आहेत, पण त्यांचा आवाज तरी होतो.

सलोनीने पुण्याला निघायच्या आधीच सुचवलं होतं, की आईला सोबत म्हणून एक मांजर आणा. आता कोळणीच्या घरात मांजर म्हणजे पोलीस चौकीत चोर पाळण्यासारखं. अंगणात बांगडे सुकत घातलेले, आणि मालनचं अर्धं आयुष्य काठी हातात घेऊन मांजरं हाकलण्यात गेलेलं. त्यातून मिरकरवाडा जेटीवरचा तो अर्ध्या कानाचा तांबडा बोका हिचा जन्माचा वैरी. सलोनीच्या साखरपुड्याच्या दिवशी त्याने ताटलीतलं अख्खं पापलेट नेलं होतं (तुम्ही पाटावर बसलेल्या होतात म्हणून हिने त्याला शिव्या मनातल्या मनात दिल्या).

तरी माझा पुतण्या रूपेश मोबाइल घेऊन आला. त्याचं म्हणणं, मांजर कसंही उचलून आणायचं नसतं, आपल्या घराला कुठली जात मानवते ते आधी बघायचं. त्यात प्रश्न होते. घरात माणसं किती, घर किती वेळ रिकामं असतं, केस गळलेले चालतील का, शांत हवं की खेळकर. उत्तरं मीच देत होतो. मालन खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग फोटो आले. एक बिबट्यासारखे ठिपके असलेलं. म्हटलं, पावस गावाच्या बाजूला खरे बिबटे फिरताहेत ते पुरे. एक आठ किलोचं. एवढी सुरमई मिळाली तर गाव जमतो. एक बिनकेसांचं, त्याला बघून मला जहाजावरची सोललेली कोंबडी आठवली. मग एक निळ्या डोळ्यांचं सयामी, त्याच्याखाली लिहिलं होतं की ही जात दिवसभर अखंड बोलते. तेव्हा खिडकीतून आवाज आला, "तसला एक हाय घरात." रूपेश हसला, मीही हसलो, पण ती पुन्हा गप्प झाली. जाता जाता रूपेशने विचारलं, काकी, तुझी काही अट आहे का? ती म्हणाली, "मासं खाणारा नको."

मासे न खाणारं मांजर शोधणं म्हणजे घाम न येणारा मे महिना शोधणं. आणि नेमका त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला, की आमची कुमुदिनी पर्शियन मांजर आहे, शाकाहारी घरात वाढलेली, माशाला तिने जन्मात तोंड लावलेलं नाही, मी पुण्यात आहे तोवर ठेवून बघा, मानवली तर त्याच जातीचं पिल्लू घ्या. हे तुमचं मोठं मन. चिपळुणात पाणी चढलं तेव्हा एवढ्याशा कुमुदिनीला पोटाशी धरून तुम्ही दीड दिवस माळ्यावर बसला होतात, हे मला अजिंक्यरावांनी सांगितलंय. असलं मांजर कुणी सहज देत नाही.

दिवाळीनंतर ती आली. पांढरीशुभ्र, तोंड चपटं, चेहऱ्यावर सदा असा भाव की कुणीतरी तिची खुर्ची घेतलीय. बरोबर तुमच्या अक्षरातली दोन पानं. दिवसातून दोनदा विंचरणे, पाकिटातले दाणे वाटीने मोजून देणे, दुपारी दूधभात. आणि शेवटी, 'मासळीची सवय नाही, कृपया लावू नये', खाली दोन रेघा. विहीणबाई, या दोन रेघांपाशी आता मला थांबायला हवं.

पहिले तीन दिवस मालनने तिच्याकडे पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी मी बांगडे तळत होतो, एक तुकडा निसटून खाली पडला, तो बरोबर कुमुदिनीपुढे. ती आली, हुंगलं, पुढचा पाय झटकला आणि निघून गेली. मालन हे बघत होती. मला वाटलं, आता हिला बरं वाटेल, पाहिजे तसं मांजर मिळालं. तर ती खुर्चीत सरळ झाली आणि म्हणाली, "अडतीस वर्सात माझ्यासमोर कुणी बांगड्याला पाय झाडला नाय. हिचा नाकच बिघाडलाय." दोन महिन्यांत हिच्या तोंडून सलग आलेली ही पहिली दोन वाक्यं. मी तवा गॅसवर तसाच विसरलो.

त्या दिवसापासून ती इरेला पेटली. दुसऱ्या दिवशी बांगडा बिनतिखटाचा, मग बिनमिठाचा. मग सौंदाळा वाफवून. कुमुदिनी हुंगायची आणि पाय झाडायची. मालन म्हणायची, मासा ताजा नाही, तुम्हाला बाजारात फसवतात. (मला फसवतात हे खरं आहे, पण माझ्या तोंडावर ती हे कितीतरी दिवसांनी बोलत होती.) नवव्या दिवशी सकाळी हिने चहाचा कप ठेवला, काठी घेतली, वहाणा चढवल्या आणि चालायला लागली. डॉक्टरांनी, सलोनीने, मी, हात जोडून सांगितलं तेव्हा जी अंगणापर्यंत आली नाही, ती रस्त्याला लागली. मी दहा पावलं मागून. मध्ये तीनदा थांबली, प्रत्येक वेळी मी मागे विजेचा खांब बघत उभा. पुढे रिक्षा केली खरी, पण जेटीवर ती तिची ती उतरली. बाजारात तिच्या शेजारी बसणारी यमुनाबाई तिथे होती. तिने हिला बघून हातातली पाटी खाली ठेवली. दोघी मुडदुशांच्या वाट्यावरून अर्धा तास भांडल्या, आणि भांडण संपल्यावर दोघींनी डोळे पुसले.

मुडदुशी किती नाजूक मासळी, हे तुम्हाला कसं सांगू. आमच्याकडे ती आजाऱ्याला देतात आणि लहान मुलाला पहिला मासा भरवतात तो तिचाच. हिने उकडली, एकेक काटा काढला, बोटावर घेतली आणि कुमुदिनीपुढे बोट धरलं. आधी हुंगणं झालं. मग जिभेचं टोक आलं. मग बोट चाटून साफ. मालन हसली, ताई, मोठ्याने हसली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि कारण नसताना दोन कांदे चिरले, म्हणजे डोळ्यांना काहीतरी सबब असावी.

तेव्हापासून तुमच्या दोन रेघा आम्ही रोज ओलांडतो. कुमुदिनी आता मासे खाते, मागून खाते, आणि शिळा दिला तर पाय झाडते. मालन तिला 'कुमा' म्हणते, सलोनीच्या वेण्या घालायची तशी दोन्ही वेळा विंचरते, जेटीपर्यंत रोज जाते, आणि माझ्या कालवणाला पुन्हा नावं ठेवते. तुम्ही विश्वासाने ठेव दिलीत, आम्ही ती बाटवली. मोहोर वगैरे काही नाही, सांगायचं होतं ते हे.

आता येत्या रविवारी तुम्ही चिपळुणाला परतणार आणि अजिंक्यराव कुमुदिनीला न्यायला येणार, असा निरोप आला. मालन म्हणते, दुसऱ्याची वस्तू, द्यायलाच हवी. म्हणते आणि लगेच तिला आंघोळ घालायला घेते. गुरुवारपासून तीन आंघोळी झाल्या. मी विचारलं तर म्हणाली, विहीणबाईंना वास यायला नको. त्याचं असं आहे, की लग्नाच्या बोलणीला तुम्ही आमच्या अंगणात आला होतात तेव्हा तुम्ही नाकाला पदर लावला होतात. मी हिला तेव्हाच सांगितलं, की त्यांना सर्दी होती. तीन वर्षं तेच सांगतोय. त्यानंतर ती तुमच्या घरी आली नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. राग नाही तिचा. तिला स्वतःची लाज वाटते, आणि तिला लाज वाटते याचा मला त्रास होतो.

असो. लांबलं फार. वेदिकेच्या दोन्ही गालांना आजोबांकडून हात लावावा, सलोनीला आशीर्वाद, व्याह्यांना नमस्कार. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल ते सर्दीच्या खात्यात टाकावं.

आपला नम्र,
विठू शिवलकर

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी रूपेशला वाचायला दिलं. तो उठला आणि तुम्ही पाठवलेल्या दाण्यांचं पाकीट घेऊन आला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात काय काय घातलंय ते लिहिलंय. दुसऱ्याच क्रमांकावर 'समुद्री माशांची भुकटी'. म्हणजे कुमुदिनी साडेचार वर्षं तुमच्या देवघराशेजारी बसून वाटीने मोजून मासेच खात होती, फक्त सुके. बाटवल्याबद्दल वर जी माफी मागितली आहे, ती परत घेत नाही, पण अर्धी करावी. हे व्याह्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक ता. क. (खरं तर हेच सांगायला मी चार वेळा फोन केला होता.) कुमुदिनीला दिवस गेले आहेत. मार्गशीर्षात एका दुपारी वाऱ्याने खिडकी उघडली आणि तो अर्ध्या कानाचा तांबडा बोका आत आला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, अजून तीन आठवडे. मालनने कपाटावरचं बोचकं खाली काढलंय, निम्मी दुपटी कुमुदिनीला आणि निम्मी वेदिकेसाठी नीट घडी करून. विनंती एवढीच, की अजिंक्यरावांना रविवारी टोपली घेऊन पाठवू नका. पहिलं बाळंतपण आहे, ते माहेरी होऊ दे. मग लेकीला सुखरूप तुमच्या घरी पोचवू, एक पिल्लू तेवढं इथे राहील. रूपेश विचारत होता ना, आपल्या घराला कुठली जात मानवेल. आई चिपळूणची, बाप मिऱ्याच्या बाजूचा. उलट बाजूने का होईना, तसलं एक पाळण्यातलं माणूस आपल्या दोन्ही घरांत आधीच आलंय, आणि ते सगळ्यांना मानवलंय.

(खाली मालन लिहिते आहे. मला बघू देत नाही.)

विहीणबाईस नमस्कार. खिडकी वाऱ्याने नाय उघाडली. मी उघाडली. कुमा दोन दिवस रडत व्हती, मला बघवला नाय. मेला बोका आता रोज येतो, मी काठी मारत नाय. तुम्ही माझ्या पोरीचा सगळा केलात. आता तुम्ही पण या, तिला आणि बाळाला घेऊन या. तुमच्यासाठी नवा टोप आणलाय, त्याला मासा लागला नाय. वास येयाचा तो येईल. पदर लावा नाकाला, मी बघायची नाय. पण या.