त्याच मेजावर

ता. ३ जून

चि. ठोंब्यास,
अ. आ. प्रभूच्या नावाने सलाम.

चर्चचा पाळक झालास, झगा घालायला लागलास, तरी ताईपासून गोष्टी लपवायची खोड काही गेली नाही. येत्या रविवारी उपासनेत तू त्या लिफ्ट मेकॅनिकला प्रभुभोजनाची भाकर देणार, हे मला ब्लाउज शिवायला आलेल्या बाईकडून कळावं? दारूच्या नशेत, ब्रेक न तपासताच त्याने लिफ्ट ठीक असल्याचं सांगितलं आणि तुझे दाजी तिच्यात चढले. तो शिक्षा भोगून घरी आला. दाजी आले का?

कृपेवरचं प्रवचन मला नको. रविवारी मी येते आहे. त्याच्या हातावर भाकर ठेवलीस, तर भर मंडळीत उभी राहून सगळं बोलेन. मग मला बहीण म्हणू नकोस.

खोकला कसा आहे? गुळण्या करतोस की नुसताच खोकतोस?

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई

ता. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लपवलं, कारण तुझी भीती वाटली. लहानपणापासून वाटते, आता काय नवीन.

तू येणार हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ताईंना त्रास नको, मी कुठल्या तोंडाने येऊ, मी येतच नाही. ऐकून मला हायसं वाटलं. खरंच सांगतो, सुटलो असं वाटलं. तो बाहेर राहिला की माझी बहीण मला तुटणार नव्हती. दर रविवारी आपण सारे पापी म्हणणारा मी, त्या क्षणी त्यात मला स्वतःला धरतच नव्हतो.

शेवटी त्याला म्हणालो, लायकी पाहून बोलावणं येत असतं तर प्रभूच्या मेजाशी कुणीच उभं नसतं, मीसुद्धा नाही. तू ये. हे म्हणणं मला सोपं नव्हतं. दाजी मलाही हवे आहेत गं.

तुला काय बोलायचं ते बोल. मी अडवणार नाही. पण भाकर मी देणार.

माया तोडू नकोस एवढंच मागणं.
तुझा,
ठोंब्या

ता. ११ जून

चि. ठोंब्यास,
अ. आ.

रविवारी न भेटता निघाले, म्हणून फुगून बसला असशील. ऐक.

मी त्याच्या मागच्याच बाकावर बसले होते. काय बोलायचं ते घोकून आले होते. त्याच्याशेजारी त्याची मुलगी होती. तुम्ही सगळे पापांची कबुली म्हणत होतात, आणि माझ्या मनात आलं, हिलाही एकदा तशाच लिफ्टमध्ये घालावं आणि याला बघायला लावावं. हा विचार तेव्हाच आला असं नाही. शिवणाच्या मशीनवर बसले की मी तो रोज कुरवाळते. पण त्या दिवशी ती पोर मागे वळली आणि माझं पडलेलं गीतांचं पुस्तक उचलून मला देत हसली. मी कसली माणूस आहे रे? मला फक्त संधी मिळाली नाही, एवढंच.

मग भाकर घ्यायला सगळे उठले, तो मात्र मान खाली घालून बसूनच राहिला. तू ताट घेऊन थांबलास. मी उठले तेव्हा तू पांढराफटक पडलास. मला तरी कुठे ठाऊक होतं मी काय बोलणार! तोंडातून निघालं ते इतकंच, की उठा, लोक खोळंबलेत. गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

तो उठला. मी त्याच्या मागे उभी राहिले.

ताईने माफ केलं असं सांगत सुटू नकोस. ते अजून जमलेलं नाही, कधी जमेल माहीत नाही. त्याच्यावर उपकार करायला मी रांगेत उभी नव्हते. माझा हात पुढे आला, कारण ती भाकर मला हवी होती.

प्रार्थनेत माझी आठवण ठेव. आणि त्याचीही, असं लिहिते आहे, लिहून होतं का बघते.
तुझी,
ताई