तुझ्या नावावरची चाळीस कामं

प्रिय प्राची,

फोन केला असता तर तू मधेच तोडून स्वतःचंच सुरू केलं असतंस, म्हणून लिहितेय. आधी पूर्ण वाच, मग काय चिडायचं ते चिड. धुळ्याची नवी नोकरी मानवली का? इथे जळगावात पारा चव्वेचाळीसवर गेलाय आणि योगेंद्रभाऊ संगणकांच्या क्लस्टरची देखरेख करत तिथल्या गारठ्यात अजून स्वेटर घालूनच बसतात. शुक्रवारी तुझ्या तक्रारीवर समिती बसतेय. योगेंद्रभाऊंनी ओळखीच्यांची कामं पुढे सरकवली, म्हणून तुझं काम नऊ दिवस रांगेत अडकलं आणि फेलोशिपची तारीख हुकली, असं तू लिहिलंयस. समितीने ते मानलं तर त्यांचं कंत्राट गेलंच. दोंडाईच्याहून बिऱ्हाड घेऊन आलेला माणूस, दोन पोरी इथल्या शाळेत.

पहिल्या वर्षी मला क्लस्टरवर काम लावायला तूच शिकवलंस. दोन तासांच्या कामाला मी मशीनचे सात दिवस मागून बसले होते, तेव्हा हसून हसून वाकली होतीस. आपण फक्त काम लावायचं, मशीन कोणाला कधी द्यायचं ते माणूस नाही, शेड्युलर नावाचा प्रोग्राम ठरवतो, ज्याने नुकतंच जास्त वापरलं तो मागे, इथे वशिला चालत नाही बाई, हे तुझेच शब्द. रागाच्या भरात तूच ते विसरलीस.

फेब्रुवारीत तू तुझ्या भावाच्या, भूषणच्या लग्नाला धरणगावला गेलीस आणि फाइलींवर लक्ष ठेव म्हणून पासवर्ड मला देऊन गेलीस. माझं बोंडअळीचं काम अडलं होतं, माझं नाव रांगेत पार तळाला. मी तुझ्या नावाने चाळीस कामं लावली. प्राची तर लग्नात आहे, तिचं काय जातंय, एवढाच विचार केला. निकाल उचलले आणि फाइली पुसून टाकल्या. तू आलीस, केळीच्या मर रोगाचं काम लावलंस, आणि ते जागचं हलेना. तुमच्याच नावावर खूप वापर झालाय, असं योगेंद्रभाऊंनी सांगितलं, तर तुला ती थाप वाटली. तो वापर माझ्या चाळीस कामांचा, हे मला त्याच क्षणी कळलं. तू रडत होतीस आणि मी तुला चहा आणून देत होते. त्याच चाळीस कामांच्या जोरावर फेलोशिप मला मिळाली. नालायक आहे मी, दुसरा शब्द नाही.

कामं कोणत्या टेबलावरच्या संगणकावरून गेली ते योगेंद्रभाऊंच्या नोंदीत दिसतं. सोमवारी जिन्यात भेटले, तर इतकंच म्हणाले, मना तोंडमाईन तुमनं नाव निंघाव नही, ताई. माझं नाव कुणाला सांगणार नाहीत, एवढं बोलून गेले खाली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तक्रारीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तू म्हणालीस आणि मी निमूट केली. आज सकाळी समितीकडे जाऊन ती मागे घेतली आणि हे सगळं लिहून दिलं. फेलोशिप जाईल. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण समितीचं पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. शुक्रवारी सोबत ये म्हणाली होतीस. मी येणार आहे, प्राची, पण बसणार योगेंद्रभाऊंच्या बाजूला.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
पुनम