तोंडी चालत नाही

सोमवार, ३ तारीख
आजपासून आपण नोकरदार. ताईने ही वही दिली आणि बजावलं, रोज पानभर लिहायचं, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत. घरी मी तिला ठमी म्हणतो, कंपनीत ताईच म्हणायचं अशी ताकीद आहे. ती इथे पॅकिंगची सुपरवायझर. तिच्या शब्दावर मला घेतलंय, म्हणून "माझं नाक कापू नकोस" हे सकाळपासून तीनदा ऐकलं.

कंपनी गोठवलेले मटार आणि मका विकते. माझं टेबल डिस्पॅचचं. मागे थंड कोठी, उणे वीस. दार वीतभर जाड, खालचं रबर एका कोपऱ्यात फाटलंय, तिथून गार वारा पायाला चावतो. आत जाताना जाड कोट घालायचा, मोबाइल बाहेर ट्रेमध्ये ठेवायचा. साहेबांच्या केबिनवर पाटी आहे: तोंडी चालत नाही, मेल करा. खरंच चालत नाही. चहा हवा तरी मेल. कोठीचं दारसुद्धा वॉचमनकाका डिस्पॅचचा मेल आल्याशिवाय उघडत नाहीत. डिस्पॅच म्हणजे मी. दहावीला दोनदा आपटलेल्या माणसाच्या हातात एवढं मोठं दार.

बुधवार, ५ तारीख
आज जाम मजा. कोठी सांभाळणाऱ्या मामांची पाठ फिरल्यावर मी दाराची आतली मूठ स्क्रू काढून गायब केली. मामा आत गेले, मी दार लोटलं. दोन मिनिटं धडाधडा वाजवत होते. मी फाटक्या रबरापाशी तोंड नेऊन साहेबांच्या आवाजात म्हणालो, "तोंडी चालत नाही. मेल करा." बाहेर आले तेव्हा मिशीवर बर्फाची भुकटी. सगळे पोट धरून हसले, शेवटी मामाही हसले. ताई नाही हसली. साहेबांनी माझ्याकडूनच फिटरला मेल करायला लावला, मूठ परत बसवा म्हणून. केला.

शुक्रवार, ७ तारीख
मेल आला: तुमचा पासवर्ड आज संपतोय, जुना भरून कायम करा. वर कंपनीचं चिन्ह, जरा चेपल्यासारखं. मी ओळखलं. हा कॉम्प्युटरवाला, ज्याला सगळे खिटपिट म्हणतात. परवा त्याच्या माउसखाली मी चिकटपट्टी लावली होती, त्याचा सूड. मी रकान्यात लिहिलं, तुझ्या नानाची टांग. उत्तर आलं, पासवर्ड चुकीचा. म्हटलं बघू तरी पुढे काय गंमत लावलीय, आणि खरा टाकला. ठमाताई१२३. पुढे काहीच नाही. नुसतं धन्यवाद. अगदीच बिनमिठाची मस्करी.

सोमवार, १० तारीख
मी पाठवलेल्या मेलमध्ये एक मी न पाठवलेला सापडला. फिटरला. मूठ बसवू नका, रद्द करा. एकही चूक नाही, म्हणजे माझा नाहीच.

खिटपिटला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, पासवर्डवाला मेल त्याने पाठवलाच नाही. त्या मेलमधलं पान बघून त्याचा चेहरा पडला, मग म्हणाला, पासवर्ड बदलून हवा तर मेल टाक. टाकला. दहा मिनिटांनी तो हसतच आला. माझ्याकडून दुसरा मेल गेला होता म्हणे: मस्करी होती रे, राहू दे.

मी म्हटलं, तो मी नव्हे. तो म्हणाला, हेही भारी जमलंय तुला.

बुधवार, १२ तारीख
माझा पासवर्ड चालेना. सकाळपासून रिकामा बसलोय आणि साहेब येऊन पाठ थोपटून गेले, आज काम चोख केलंस म्हणून. मेल जातायत. साहेबांच्या हातात एकाची छापील प्रत होती, आता त्यात चुका आहेत. माझ्याच. "कृपया" मी जसा चुकवतो तसाच चुकवलाय.

ताईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने फोन काढून दाखवला. दहा वाजता माझ्या नावाने आलेला मेल: ठमे, आज मी घाबरल्याचं नाटक करणार आहे, फसू नकोस.

मी रडकुंडीला आलो. ती म्हणाली, छान करतोस.

शुक्रवार, १४ तारीख
साहेबांना सांगायला गेलो. त्यांनी पाटीकडे बोट केलं.

काही बोलायला तोंड उघडलं की लोक आधीच हसायला लागतात. काय बोलणार ते त्यांना आधीच कळवलेलं असतं.

शनिवार, १५ तारीख
आज साडेचारला सुटी. प्रिंटरमधून एक कागद आपोआप आला: चार वाजता कोठीत ये, पासवर्ड परत देतो. कोणी का असेना, माणूस असला तर कॉलर धरीन. कोट खुंटीवर नाहीत, धुवायला गेले, माझ्याच मेलवरून. दार उघडं आहे. मोबाइल ट्रेमध्ये ठेवतो, वही खिशात घेतो.

४.१०
आत कोणी नव्हतं. दार लागलं. मूठ नाही. मूठ मीच—

रबरापाशी तोंड नेऊन ओरडलो. वॉचमनकाका आले. त्यांचं हसू ऐकू आलं. सगळ्यांना मेल गेलाय म्हणे: कोठीत स्पीकर ठेवलाय, मी घरून बोलतोय, बघू कोण फसतं. मी म्हटलं, काका, शप्पथ, मी आत आहे, मोबाइल ट्रेमध्ये बघा. ट्रे रिकामा आहे म्हणाले. मग रबराजवळ वाकले.

"बेटा, तोंडी चालत नाही. मेल कर."

४.२५
बोटं वळत नाहीत. सोमवारपर्यंत कोणी—

ताई आली. आवाज ओळखला. घरी जाता जाता डोकावली. सगळं सांगितलं. लहानपणी तिची वेणी मी खाटेला बांधली होती तेही सांगितलं. ती म्हणाली, फोन ठेव आता, घरी आले की बघते तुझ्याकडे.

फोन नाही ग. फोन नाही.

कागद. स्पीकर कागद लिहू शकत नाही. हे पान फाडून खालून सरकवतो. ठमे, हा मी आहे, अक्षर बघ, कोंबडीचे पाय—

तिचा फोन वाजला. ती मोठ्याने वाचतेय, काकांना. "आता खालून चिठ्ठी येईल. सकाळीच लिहून ठेवलीय, दोरी लावून."

हसतायत दोघं.

सकाळी नाही ठमे, आत्ता, हे आत्ता लिहितोय. जाऊ नको. पेन अडतंय. हात लावून बघ, शाई अजून ओ—