तिला तुझा हात मानवत नाही

प्रिय टिल्लू,

सहा फूट उंच झालास, डोक्यावरचे केस मागे सरकायला लागले, तरी माझ्यासाठी तू टिल्लूच, तेव्हा नाक मुरडू नकोस. पत्र बघून घाबरूही नकोस, मी ठणठणीत आहे. फोन का नाही केला असं तुला वाटेल. फोनवर तू सारखा ‘हं, हं, बरं आई’ करतोस आणि माझं अर्धं बोलणं तिथेच विरून जातं. कागदाला हं हं करता येत नाही, म्हणून हा सगळा घाट.

पहिली बातमी ही, की रविवारी तू ज्या गिऱ्हाइकाला घेऊन येणार आहेस, त्याला येऊ नका म्हणून सांग. गाडी विकायची नाही. पडून पडून सडतेय, तुला चालवता येत नाही, मग ठेवायची कशाला, असं तू म्हणालास तेव्हा मी ‘बघू’ म्हणाले होते. माझ्या ‘बघू’चा अर्थ तू ‘हो’ असा लावलास. तुझे बाबाही कायम तसाच लावायचे. पण गाडी गेली की पुढे काय होणार, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. इथून दुकान लांब, दवाखाना लांब, बस थांबते ती चढाच्या पायथ्याशी. गाडी नसलेल्या बाईने इथे एकटीने राहायचं कसं, हे मग तूच मोठ्या काळजीने विचारशील, आणि उत्तरही तुझ्या खिशात तयार असेल. तुमच्याकडची ती मागची खोली, जिच्यात सध्या इस्त्रीचं टेबल आणि तुझी न चालवलेली सायकल आहे. खोली चांगली आहे, उजेडही येतो. मला ती नको आहे.

दुसरी बातमी म्हणजे मी गाडीचं बॉनेट उघडलं. एकटीने. का उघडलं ते शेवटी सांगते, तोवर दम धर.

आतलं दृश्य बघून मी कपाळाला हात लावला. इंजिन कुठे आहे तेच आधी दिसेना. वरती वाळलेली पानं, कोपऱ्यात उंदराने कापूस आणून थाटलेला संसार (उंदीर कधीच बिऱ्हाड हलवून गेलाय, काळजी नको), बॅटरीच्या मागे कोंबलेली तीन फडकी, तेलाचा रिकामा डबा, एक चपटा झालेला नरसाळ्याचा तुकडा आणि या सगळ्यावर तारा. लाल, पिवळ्या, काळ्या, रंग उडून कुठल्याच रंगाच्या न राहिलेल्या. तारेवर तार, तिच्यावर चिकटपट्टी, त्या चिकटपट्टीवर पुन्हा तार. तुझ्या बाबांना दर काही महिन्यांनी गाडीत नवीन काहीतरी बसवायची हुक्की यायची, हे तुला सांगायला नको. बसवायचे हौसेने, बिघडलं की तार तशीच सोडून पुढच्या हुक्कीकडे वळायचे. काढून टाकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

तुझा समज असा, की आई तारा बघून बिचकली असेल. अरे, माझी अख्खी नोकरी गेली त्या मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डासमोर. दोन्ही हातात वायरी आणि कानात चार डॉक्टर एकदम ओरडतायत, अशा वेळीसुद्धा मी कधी चुकीच्या वॉर्डात फोन जोडला नाही. तारांच्या जंजाळाचा नियम एकच. एक टोक धरायचं आणि दुसरं टोक सापडेपर्यंत सोडायचं नाही. मधे कुणी चहाला बोलावलं तरी नाही.

आधी बॅटरीची काळी बाजू सोडवली, म्हणजे झटका बसायचा प्रश्न नाही. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरा थर चढला होता, तो कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासला, तर असा फसफसला की मला हसूच आलं. पाइपने पाणी मारायचं नाही, हे ठाऊक होतं. ओलं फडकं, कोरडं फडकं आणि रंगाचा जुना ब्रश, एवढ्यावर काम भागवलं. समोरचे पोस्टमास्तर रिटायर झाल्यापासून माझ्या अंगणाकडे बघत बसायचीच ड्यूटी करतात. ते फाटकाशी येऊन म्हणाले, बाई, या वयात हे काय काढलंत. मी म्हटलं, या वयात पुरुष मंडळी राजकारणावर बोलतात, मी निदान काहीतरी साफ करतेय. तेव्हापासून ते खुर्ची घेऊन आत येऊन बसतात आणि मी काढलेली तार गुंडाळून पोत्यात टाकतात.

काय काय निघालं म्हणून सांगू. तीन हॉर्न. एक साधा, एक जहाजाच्या भोंग्यासारखा, आणि एक तो गाणं वाजवणारा, ज्याच्यामुळे कॉलेजच्या दारात तू सीटखाली दडून बसायचास. आपल्याकडे धुकं पडत नाही, तरी धुक्यातले दोन दिवे. तो चोरासाठीचा भोंगा, मांजर बॉनेटवर बसलं की जो सगळी गल्ली जागी करायचा. शेवटी बाबांनी त्याचं तोंड बंद केलं, पण डबा मात्र तसाच ठेवला. आणि एक बारीक निळी तार. ती बॅटरीपासून निघून आत, गालिच्याखालून थेट मागच्या सीटपर्यंत गेलेली. तिचं टोक हातात आलं आणि मी तिथेच बसले. तुला गाडीत मळमळायचं, म्हणून त्यांनी मागे छोटा पंखा बसवला होता. पंखा कधीच मोडला, तार राहिली. मला रडू आलं, ते लपवत नाही. पोस्टमास्तरांनी भला माणूस म्हणून आकाशाकडे बघितलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचं वाचताना तुला वाटायला नको, मी त्या माणसाचं चांगलं विसरले.

तुला आठवतं का, मी लायसन्स काढलं होतं? तू तिसरीत होतास. शिकवणारे मास्तर म्हणाले होते, बाई, तुमचा हात हलका आहे, गिअर पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही. मी हवेत तरंगत घरी आले. आणि आपली गाडी काही केल्या माझ्या हाताने सुरू होईना. किल्ली फिरवली की ती घुर्र घुर्र करायची आणि गप्प व्हायची. मग बाबा यायचे, वाकून सीट जरा मागे सरकवायचे, बसायचे, किल्ली फिरवायचे, आणि ही बया लगेच सुरू. हसून म्हणायचे, तिला तुझा हात मानवत नाही. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. सकाळी बघितलं, ते ऑफिसला गेल्यावर बघितलं, चप्पल काढून बघितलं. मग हळूहळू सोडून दिलं. नातेवाइकांत तो विनोदच झाला, आणि त्यात मीच सगळ्यात मोठ्याने हसायचे. बोर्डावर माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण आता गावाच्या पार दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळून आहे. तिला भेटायचं तर आधी बाबांची सवड, आणि ते गेल्यावर तुझी. तू महिन्यातून एकदा येतोस, वाकून सीट सरकवतोस, गाडी सुरू करतोस, आणि म्हणतोस, आई, तिला तुझा हात मानवतच नाही बघ. शब्दसुद्धा त्यांचेच.

टिल्लू, सीट सरकवायची कशाला रे? तुझ्याशिवाय त्या सीटवर कुणी बसतच नाही.

इंजिनाला ठिणगी देणाऱ्या त्या नळकांड्याला एक तार येते. बाकी सगळं काढून झाल्यावर ती मला नीट दिसली, आणि दिसलं की ती मधेच कापलेली आहे. कापलेल्या दोन टोकांना दोन काळ्या तारा जोडून त्या आत नेल्या होत्या, एवढ्या सफाईने, की बाकीचं गबाळं काम त्याच माणसाचं यावर विश्वास बसू नये. एक टोक धरलं आणि सोडलं नाही. इंजिनामागच्या पत्र्यातल्या भोकातून गाडीच्या आत, पायाखालच्या रबराखालून, सीटच्या खाली. तिथे नखाएवढं बटण. ते बंद असलं की ठिणगी नाही, मग किल्ली फिरवणारा कितीही हलक्या हाताचा असो.

चोरासाठी लावलं असेल. त्या काळी गाड्या चोरीला जात होत्या, मान्य. पण मग घरात चोर एकटी मीच राहिले. मी तिथे गाडीशेजारी जमिनीवर बसून तुझ्या बाबांशी मोठमोठ्याने भांडले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, ते म्हणणाऱ्यांचा संसार सुखाचा झाला असेल. मला राग आला, भयंकर आला. एका बटणापायी मी स्वतःच्या हाताला नावं ठेवत आले. त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण बायको घरात असली की त्यांना बरं वाटायचं, आणि ती घरात राहावी म्हणून एवढीशी युक्ती पुरते म्हटल्यावर त्यांनी ती सोडली नाही. दोन्ही खरं आहे.

बटण उपटून काढलं. तारेची मूळची दोन टोकं पुन्हा एकमेकांना जोडली, आमच्या लाइनमनकडून शिकले होते तशी सोल्डर केली, वर नवी चिकटपट्टी, आणि ज्या तारा खरोखर लागतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी ओळीत बांधून टाकल्या. आता बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं, एखाद्या आवरलेल्या ओट्यासारखं. काळी बाजू पुन्हा जोडली, आत बसले, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, मी गाडी बंद केली आणि पुन्हा सुरू केली, मग पुन्हा.

मग शिकवणाऱ्या मास्तरांकडे गेले. मास्तर आता हयात नाहीत, त्यांची मुलगी शिकवते. तिच्यासोबत रोज सकाळी गाडी काढली. पहिल्या दिवशी चढावर तीनदा बंद पडली आणि मागच्या टेम्पोवाल्याने माझा उद्धार केला. मीही त्याचा केला. शेवटच्या दिवशी ती पोरगी म्हणाली, आता माझं काम संपलं. त्या दुपारी पोस्टमास्तरांना शेजारी बसवून मी मैत्रिणीकडे गेले. ते वाटभर रुमाल चावत होते. मैत्रिणीने विचारलं, आज मुलगा कुठाय? मी किल्ली तिच्या उशाशी ठेवली. तिला आता फारसं बोलता येत नाही, पण ती किल्ली तिने माझ्या जाण्याच्या वेळेपर्यंत मुठीत धरून ठेवली होती.

इथून पुढे अक्षर वाकडं दिसेल, कारण कागद स्टिअरिंगवर टेकवलाय. आता बॉनेट का उघडलं ते ऐक. मागच्या महिन्यात एकदा फोनवर तू ‘ठेवतो आई’ म्हणालास आणि ठेवला नाहीस, नुसताच टेबलावर टाकलास. बोर्डावर आमचा नियम होता, लाइन जोडली की आपला कान काढून घ्यायचा. जन्मभर पाळला. त्या दिवशी नाही पाळला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. तू म्हणालास, गाडी एकदा गेली की आईला तिथून हलवणं सोपं. सूनबाई बिचारी म्हणाली, आईंना विचारा तरी, त्यांनीच चालवायला घेतली तर? आणि तू हसलास. म्हणालास, ती काय चालवतेय, बाबांचं ते बटण तिला कुठे माहितीये. माझ्या काळजीपोटीच बोलत होतास, हे मला कळतं. बाबाही काळजीच करायचे. पण तुला ठाऊक होतं, टिल्लू. ते गेल्यावर एक दिवस, नुसता एक दिवस, तू मला सांगू शकला असतास. आता पाकीट उलटून बघ, त्यावर तिकीट नाही. पोस्टमास्तर लावायला निघाले होते, मी नको म्हटलं. मी तुमच्या इमारतीच्या खाली, त्या गुलमोहराच्या सावलीत गाडी लावून बसले आहे, तू ऑफिसात आहेस. हायवेने आले, दोन ट्रक मागे टाकले. हे पत्र तुझ्या पेटीत टाकते, आणि पेटीच्या खाली एक पोतं ठेवते. गाडीत जे फालतू होतं ते सगळं त्यात आहे, वर बटणही आहे. निळी तार वेगळी गुंडाळलीय, ती तुझी आहे, जपून ठेव. वर येऊन तुझी वाट बघत थांबत नाही, आज भेटलास तर मी नको ते बोलेन, शिवाय उजेड आहे तोवर मला माझ्या घरी पोचायचंय. रविवारी एकटाच ये. चढ चढत बसू नकोस, बसथांब्यावर तुला घ्यायला मी येईन.

तुझीच,
जागची न हललेली
आई

ता. क. सीट मी माझ्या मापाने सरकवून ठेवली आहे. तिला हात लावायचा नाही.