आधी अंग धुवायचं, मग पाण्यात

रविवार, संध्याकाळ. जयनगर.

मंदार ऑफिसच्या कामाने जपानला जाऊन आला. कामाबद्दल दोन वाक्यं बोलला, बाकी सगळं तिथल्या गरम झऱ्यावरच्या न्हाणीघराबद्दल. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच सगळ्यांच्या कुंडात उतरायचं.

सासूबाई म्हणाल्या, "मग आंघोळ झालीच की. पुन्हा पाण्यात कशाला?"

मलाही तेच विचारायचं होतं. नुसतं बसायचं, मंदार म्हणाला.

खिडकी म्हणे इतकी खाली, की डोंगर पाण्यात बसल्यावरच दिसतो. कुणी आखली असेल? उभ्या माणसाला काहीच दाखवायचं नाही, हे मला फार आवडलं.

पण सासूबाई त्या स्टुलावरच अडल्या होत्या. "म्हातारी माणसं उठतात कशी त्यावरून?"

"माझ्या शेजारच्या आजोबांना एकाने हात दिला. आधी पाठही चोळून दिली."

"ओळखीचा होता?"

"वाटला नाही."

"आणि अंगावर काही नाही?"

"कुणाच्याच नाही, आई."

"सरी," म्हणाल्या. इथे राहून त्यांचं 'बरं'ही कानडी झालंय.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या आतून कडी लावूनच आंघोळ करतात आणि मी बाहेर जीव मुठीत धरून उभी असते. मी उंच स्टूल आणला, तर त्यांना बसायला आपला बुटका पाटच हवा. त्यावरून उठता येत नाही, हे मात्र कबूल करायचं नाही.

आत्ता बादली भरल्याचा आवाज आला. कडीचा आला नाही. थोड्या वेळाने हाक आली, "अगं, स्वल्प पाठ चोळतेस का?"

उठते.