उंदराचं सहावं बोट

तीर्थरूप आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खोलीही उबदार आहे. कामानं मात्र डोकं चक्रावलंय. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अंगातले फरक मी डेटाबेसमध्ये भरते. मनाचे शब्द चालत नाहीत. कुठला अवयव, काय फरक, सगळं ठरलेल्या शब्दांतूनच निवडायचं. काल एका उंदराच्या मागच्या पायाला सहा बोटं निघाली. त्याला ठरलेला शब्द 'ॲबनॉर्मल'. माझा सहा बोटांचा हात तिथंच अडला. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "अगं, टाक की! अडलंय कुठं?"

बाबांना सहा, मला सहा. आम्ही तर दादालाच 'एक कमी' म्हणून चिडवायचो ना? मग ॲबनॉर्मल कोण? मला काही कळेनासं झालंय.

दादाचं बाळ सुखरूप, एवढंच लिहिलंस. बोटं किती, ते नाही लिहिलंस. कळव गं. पाच असली तरी चालतील.

तुझी गोंधळलेली,
धाकटी