खाडीत फक्त चिलापी

पेण, १२ डिसेंबर १९९६

चि. उत्तम यास दशरथदादाचा जय भीम.

माझी तब्येत बरी आहे, आईला तेवढं वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी आहे.

"मुकाट सही कर," असं तू लिहितोस. कशावर, ते तरी तुझ्या साहेबाला विचारलंस का? इथे बांधाची दारं उघडून भरतीचं पाणी खाडीकाठच्या दलदलीत परत घ्यायचं काम आहे. दलदल सुधारते की नाही, ते जाळ्यात कोणते मासे येतात त्यावरून कळतं. ते मासे वहीत नोंदून खाली सही करणं, हीच माझी नोकरी.

पहिलं जाळं चिलापीने गच्च भरलं. आपल्या तळ्यातला ओळखीचा मासा, म्हणून मीच आनंदाने ओरडलो. जाळं ओढणारी शेवंताबाई कोळीण हसली, "अरे घाटावरच्या, तुझ्या तल्यातला मासा माझ्या खाडीत मिलतो, म्हंजे समुद्र अजून आत आलाच नाय!"

तिचं खरं निघालं. सहा महिने झाले, भरतीबरोबर आत येणारी बोय नाही, जिताड्याचं एक पिल्लू नाही. दारं दोनच उघडलीत, बाकीची कागदावर. आणि साहेब वहीत बोय, जिताडा लिहून त्याखाली माझी सही मागतो.

नोकरी तुझ्या ओळखीने लागली, हे तू तीनदा लिहिलंस. रोज सकाळी मी पंचशील म्हणतो. त्यातलं खोटं न बोलण्याचं तुझ्या ओळखीसाठी गाळू का?

काल वहीत "फक्त चिलापी" लिहून सही केली. साहेबाने सोमवारी सामान उचलायला सांगितलंय. आईचा गुडघा कसा आहे, ते आता येऊनच बघतो. तू स्टँडवर येऊ नकोस.

अजून तरी तुझा दादा,
दशरथ